पाणथळीकाठची शाळा : पहिल्यांदाच मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांसाठी

मी निफाड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. पहिल्या वर्षी आम्ही सहावी-सातवीची सत्तर मुलं दोन गाड्यांत भरून तिकडे नेली. निघायलाच अकरा वाजले, काठावर पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मुलांच्या अंगात सहलीसाठी मुद्दाम आणलेले केशरी टी-शर्ट. पक्षी पार मध्यभागी, माना पंखांत खुपसून बसलेले. दुर्बीण एक आणि रांग सत्तर जणांची. डबे खाल्ले, फोटो काढले, परत आलो.

दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला दिला. सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं, ‘पाणथळ जागा ही निसर्गाची मूत्रपिंडे आहेत.’ ते मीच आदल्या आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं होतं. स्वतः पाहिलेलं एकानंही काही लिहिलं नव्हतं. त्या वह्या तपासताना मला फार वाईट वाटलं, कारण चूक मुलांची नव्हती.

तेव्हापासून पद्धत बदलली. आता एकच पाणी, वर्षातून चार वेळा, आणि एका वेळी पंचवीस मुलं. पुढे लिहिलेलं सगळं यातूनच आलेलं आहे. तुमच्याकडे अभयारण्य नसलं तरी यातलं जवळजवळ सगळं लागू पडेल.

१. आधी आपलं पाणी ठरवा

‘आमच्याकडे कुठं पाणथळ?’ असं बरेच शिक्षक म्हणतात. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी झालेल्या पाणथळींविषयीच्या करारातली व्याख्या बरीच मोठी आहे. दलदल, तळं, नदीकाठचं चिखलाचं वळण, खाडी, मिठागर, पाणी नैसर्गिक असो की माणसानं अडवलेलं, बारमाही असो की चार महिन्यांचं, गोडं असो की खारं, हे सगळं तिच्यात येतं. समुद्रात ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेलं पाणीही धरतात. म्हणजे गावतळं आलं, पाझर तलाव आला, कोकणातली आणि गोव्यातली खाजणं आली.

नांदूर मध्यमेश्वर हे स्वतःच माणसाच्या हातून घडलेलं आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात बंधारा बांधला तो शेतीच्या पाण्यासाठी. नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे साचत गेला, उथळ पाणी पसरलं, बेटं तयार झाली, पाणकणीस उगवलं, आणि मागोमाग पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे त्या कराराच्या यादीतली जागा. त्यानंतर लोणार आणि ठाण्याची खाडी त्या यादीत गेली. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. ‘मग हे खोटं तळं आहे का?’ असं एका मुलानं मला विचारलं होतं. त्या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला आणि तो तास चांगला झाला.

माझा सल्ला : दोन जागा धरा. हातानं करायची कामं, म्हणजे जाळी, परात, पाणी मोजणं, ही चालत जाता येईल अशा गावतळ्यावर करा. डोळ्यांनी करायची कामं मोठ्या पाणथळीवर करा. अभयारण्यात जाळी टाकायला परवानगी नसते. तिथून पीस किंवा शिंपलाही उचलून आणू नये. हे मला उशिरा कळलं. मुलं जाळ्या घेऊन उतरली आणि वनरक्षकांनी परत पाठवलं. त्यांचं बरोबरच होतं.

२. हे पाणी कुणाचं आहे ते विचारा

इथं बहुतेक जण अडकतात. तळं गावात असलं म्हणजे ग्रामपंचायतीचंच असतं असं नाही. काही जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारेकडे असतात, काही जलसंपदा किंवा मृद व जलसंधारण विभागाकडे. मासेमारीचा ठेका तिसऱ्याकडेच असतो, बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेकडे. तलाठ्याकडे गाव नकाशा आणि सातबारा पाहिला की अर्धा गोंधळ मिटतो. ठेकेदाराला न विचारता पोरं पाण्यात जाळी घालताना दिसली तर भांडण ठरलेलं. आधी जाऊन चहा प्या, काय करणार आहोत ते सांगा. आमच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांनी तर पुढच्या वेळी स्वतःची होडी काठाला आणून लावली.

जवळ ठेवायची कागदपत्रं :

- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र
- गटशिक्षणाधिकाऱ्यांची सहलीसाठीची परवानगी (गावाबाहेर जाणार असाल तर)
- तळं ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं ना हरकत पत्र
- अभयारण्यासाठी वन विभागाच्या वन्यजीव परिक्षेत्र कार्यालयाला अर्ज, मुलांच्या यादीसह
- प्रत्येक पालकाचं सहीचं संमतिपत्र. त्यात पोहता येतं का, दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का हे विचारलेलं असावं
- गाडीची कागदपत्रं. एसटी घेतली तर शालेय सहलीची भाडेसवलत मिळते, त्यासाठी आगारात शाळेचं पत्र आधी द्यावं लागतं

संमतिपत्रावर ‘सहल’ एवढंच लिहू नका. ‘मुलं काठावर, घोट्यापर्यंतच्या पाण्यात उतरतील’ असं स्पष्ट लिहा. पालक त्यानं घाबरत नाहीत, उलट निर्धास्त होतात.

३. मुलांना नेण्याच्या एक आठवडा आधी स्वतः जाऊन या

त्याच वेळेला जा, ज्या वेळेला मुलांना नेणार आहात. काय पाहायचं?

सगळ्यात आधी मोटारींच्या केबली. आमच्याकडे नदीकाठी आणि तळ्याकाठी शेतकऱ्यांच्या मोटारी असतात आणि वायर गवतातून, कधी थेट पाण्यातून गेलेली असते. जिथं मोटार दिसेल ती जागा सोडून द्या. वीज गेली आहे म्हणून तिथं रेंगाळू नका, ती केव्हाही येते.

मग गाळ. हातात बांबू घेऊन काठापासून पाच पावलं टोचत जा. बांबू वीतभराच्या आत टणक जमिनीला लागला तर जागा चालेल. जलपर्णीच्या हिरव्या थराजवळ मुलांना नेऊ नका, तिच्याखाली किती पाणी आहे हे वरून कळत नाही. माझा एक विद्यार्थी हिरवळ समजून पाऊल टाकायला गेला आणि मांडीपर्यंत रुतला. दोघांनी ओढून काढला, चप्पल आतच राहिली. त्याला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिसरं, आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक तारखांना सोडलं जाणारं पाणी. बंधाऱ्यातून कालव्याला पाणी सुटलं की मागची पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि चिखलात चोच खुपसणारे पक्षी तिथं जमतात. वरच्या धरणांतून पाणी आलं की तीच जागा बुडते. त्यामुळे पाटकऱ्याला किंवा पाटबंधारे कार्यालयाला तारखा विचारून मगच दिवस ठरवा. पावसाळ्यात, वरून विसर्ग चालू असताना, नदीकाठाला जायचंच नाही. त्याला अपवाद करू नका.

द्राक्षपट्ट्यात असाल तर आणखी एक. बागेत फवारणी चालू असेल तिथं वाऱ्याच्या खालच्या बाजूला मुलांना बसवू नका.

४. सामान

महागडे किट आणायच्या नादी लागू नका. आमची पेटी अशी :

- पांढऱ्या प्लास्टिकच्या उथळ पराती, चार मुलांमागे एक (स्टीलच्या परातीत चकाकीमुळे किडे दिसत नाहीत)
- जुन्या मच्छरदाणीचं कापड आणि जाड तार वापरून केलेल्या जाळ्या, बांबूच्या दांड्याला बांधलेल्या
- चहाची गाळणी, प्लास्टिकचे चमचे, भिंग
- पीएचच्या (पाण्याची आम्लता दाखवणाऱ्या) पट्ट्या. पाकिटावरची मुदत बघून घ्या, जुनी पट्टी काहीही दाखवते
- साधा थर्मामीटर, पारा नसलेला
- झाकण असलेल्या काचेच्या बाटल्या
- वीस मीटर दोर आणि हवा भरलेली ट्यूब, काठावर हाताशी. होडीत बसणार असाल तर प्रत्येकाला लाइफ जॅकेट
- प्रथमोपचार पेटी, साबण, पिण्याचं पाणी
- दुर्बिणी मिळतील तितक्या; पाच जणांत एक असली तरी चालतं

पाणी किती गढूळ आहे ते मोजायची तबकडी घरीच होते. १८६५ मध्ये अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू खगोलशास्त्रज्ञानं ही युक्ती समुद्रावर वापरली, म्हणून तिला सेकी तबकडी म्हणतात. रंगाच्या डब्याचं गोल झाकण घ्या, त्याचे चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या. मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली वजनाला नट-बोल्ट लावा. दोरीला दर दहा सेंटीमीटरवर गाठ. तबकडी पाण्यात सोडत जायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या, वर ओढताना पुन्हा दिसली की पुन्हा मोजायच्या, आणि दोन्हींची सरासरी काढायची. हे सावलीच्या बाजूनं करा, उन्हाची चमक आली की आकडा चुकतो. आणि दर वेळी त्याच दगडावरून मोजा.

गढूळपणा मातीचा आहे की शेवाळाचा, हे मुलं विचारणारच. काचेच्या बाटलीत पाणी भरून वर्गाच्या खिडकीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाला गाळ बसलेला दिसला तर माती. पाणी तसंच हिरवट राहिलं तर बहुतेक शेवाळ.

५. वर्गात दोन तास, जाण्याआधी

पहिला तास ज्वारीच्या दाण्यांचा. काळ्या पाटीवर मूठभर दाणे टाका, पाच सेकंद दाखवून झाका आणि किती होते ते लिहायला सांगा. मग मोजा. पहिल्यांदा सगळे खूप कमी सांगतात. नंतर युक्ती शिकवा, आधी दहा दाण्यांचा पुंजका डोळ्यांत धरायचा आणि तेवढे किती पुंजके बसतात ते बघायचं. चार-पाच वेळा केलं की अंदाज सुधारतो. थव्यातले पक्षी मोजायची रीत हीच. मुलांना हा खेळ इतका आवडतो की मधल्या सुट्टीतही पाटी मागतात.

दुसरा तास दोन पराती तिरक्या ठेवून. एकीत नुसती माती, दुसरीत बांधावरून मुळासकट कापून आणलेला हरळीचा गठ्ठा. दोन्हींवर वरून सारखंच गढूळ पाणी ओता, खाली ग्लास धरा. कुठल्या ग्लासात पाणी आधी आलं आणि कुठल्या ग्लासातलं स्वच्छ, हे मुलांनीच सांगायचं. मूत्रपिंडाचं ते वाक्य मी आता फळ्यावर लिहीत नाही. ते ग्लास टेबलावर तसेच ठेवते.

कपड्यांचंही याच तासाला सांगून टाका : मातकट, हिरवे, करडे. निफाडची थंडी माहीतच आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो. लाल स्वेटर घरी, गडद स्वेटर अंगात. पायात चिखलात निघणार नाहीत असे जुने बूट. पायाला जखम असेल त्यानं पाण्यात उतरायचं नाही, दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती असते. त्याच्याकडे नोंदवही द्या, म्हणजे त्याला वगळल्यासारखं वाटत नाही.

६. गावतळ्यावरचे दोन तास

पाच-पाच मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस ठेवा. एक गट तापमान आणि पीएच बघेल, एक तबकडी, दोन गट जाळी-परात, एक गट काठाची झाडं. अर्ध्या तासानं अदलाबदल.

जाळी-परातीचा वेळ कापू नका, यातच सगळा जीव आहे. जाळी पाणवनस्पतींच्या मुळांशी दोन-तीनदा फिरवायची आणि परातीत, तळ्याचंच पाणी घेऊन, हळूच उलटी करायची. सुरुवातीला मुलं म्हणतात, ‘मॅडम, काहीच नाही, नुसता कचरा आहे.’ तेव्हा बोलू नका. दोन मिनिटं कुणी परात हलवायची नाही, एवढंच सांगा. मग त्या कचऱ्यातली एक काडी चालायला लागते.

एकदा परातीत चतुराची अळी आली होती. मातकट, बोटाच्या पेराएवढी, पोटावर चिखल चिकटलेला. शेजारी डासाची अळी वळवळत होती. चतुराच्या अळीचा खालचा ओठ कोपरात दुमडलेल्या हातासारखा तोंडाखाली घडी घालून ठेवलेला असतो. तो ओठ क्षणात पुढे आला आणि डासाची अळी गेली. परातीवर वाकलेली एक मुलगी दचकून मागे बसली, ‘मॅडम, तिनं ओठ फेकला!’ ती मुलगी वर्गात कधी बोलत नसे. त्या दिवशी प्रत्येक गटाकडे जाऊन ती हेच सांगत होती. डास आणि तळं यांचं नातं मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

काय सापडलं त्यावरून पाण्याची तब्येतही कळते. तीन शेपट्यांच्या नाजूक अळ्या प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात असतात. तळाच्या चिखलातल्या लालभडक अळ्या (मुलं त्यांना गांडूळ म्हणतात) कमी प्राणवायूतही तग धरतात, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. मात्र एका परातीवरून ‘आपलं तळं घाण आहे’ असा निकाल देऊ नका आणि मुलांनाही देऊ देऊ नका. तीन जागांची, तीन वेळांची तुलना झाली की मगच बोला.

पाणविंचू आणि मोठे पाणकिडे चावतात, म्हणून चमच्यानं उचलायचं. साप दिसला तर तो बहुधा पाणदिवड असतो आणि बिनविषारी असतो, तरी लांबूनच बघायचं. काठाच्या गवतात घोणसही असते. जे काढलं ते सगळं, जिथून काढलं तिथंच, परात पाण्याला टेकवून सोडायचं. शेवटी साबणानं हात-पाय धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

७. मोठ्या पाणथळीवर : आधी जागा, मग नाव

नांदूर मध्यमेश्वरला ऑक्टोबर ते मार्च हा काळ. सकाळी साडेसहाला चापडगावच्या मनोऱ्यापाशी असायला हवं, नऊ-साडेनऊनंतर ऊन चढतं आणि पक्षी स्वस्थ होतात. तिथं गावातलेच वाटाडे मिळतात, त्यांना नक्की घ्या. कोणता थवा आज कुठं आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

शिक्षकांची सर्वसाधारण चूक म्हणजे नावांची यादी वाचायला लागणं. मी मुलांना कागदावर पाण्याचा एक उभा छेद काढायला लावते : काठ, चिखल, घोटाभर पाणी, गुडघाभर पाणी, खोल पाणी, पाणकणसाची झाडी. पक्षी दिसला की तो कुठं आहे तिथं ठिपका. तुतवार काठावर शेपटी हलवत. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर थोड्या आत. चमचा पक्षी चोच डावी-उजवीकडे फिरवत त्याच्याही पुढे. थापट्या बदक पाण्याच्या पृष्ठभागावरून चोच ओढत जाणारं. टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येणारी. जांभळी पाणकोंबडी कणसांच्या बुडाशी, कमळपक्षी पानांवरून चालणारा. अर्ध्या तासात त्या कागदावर पाण्याची खोली आपोआप उमटते. नावं मुलं स्वतःच विचारतात, आणि विचारलेलं नाव लक्षात राहतं.

मध्येच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी झाडीवरून कमी उंचीनं उडत आला की शेकडो बदकं एकदम उठतात. त्या वेळी तुम्ही काही सांगायला जाऊ नका.

८. गावातल्या माणसांना शिकवायला बोलवा

गावाला ‘जागृत’ करायला निघालात तर गाव ऐकत नाही. त्याऐवजी गावाकडूनच शिकायला जा. आमच्याकडे भोई समाजातले एक बाबा येतात. जाळ्याची आस, म्हणजे भोकाची रुंदी, बोटांनी मोजून दाखवतात, कुठल्या आसेत कुठला मासा, लहान पिल्लं का सुटली पाहिजेत ते सांगतात. पूर्वी जाळ्यात काय काय यायचं आणि आता बाहेरून आलेला चिलापी मासाच का येतो, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मुलं चिडीचूप असतात. मुलांच्या आज्या येतात, काठावरची कुठली भाजी खायची आणि कुठली नाही ते दाखवतात. आम्ही हे सगळं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवतो, त्यांना विचारून.

एक जपा. पाण्यात खत-औषध उतरतं, हा विषय निघणारच, आणि समोर बसलेल्या मुलांचे वडील शेतकरी आहेत. वर्गात कुणाच्याही बापाला दोषी ठरवू नका. मुलांना घरी तीन प्रश्न विचारायला द्या : आपल्या रानातलं पाणी कुठं जातं, बांधाला गवत ठेवतो का, रिकामे डबे कुठं धुतो? एका पालकांनी या प्रश्नांनंतर फवारणीचा पंप तळ्यात धुणं बंद केलं. मी त्यांना एक शब्द बोलले नव्हते.

९. नोंदी पेटीत ठेवू नका

पक्ष्यांच्या याद्या ईबर्ड या संकेतस्थळावर टाका, किडे-वनस्पतींचे फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर. खातं शाळेच्या नावानं, मुलांची नावं आणि चेहरे न टाकता. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ज्वारीचे दाणे मोजलेली मुलं तिथं खरंच उपयोगी पडतात.

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. ग्रामसेवकांकडे ती मागा, बघा, आणि मुलांच्या नोंदी समितीला लेखी द्या, पोच घेऊन. ग्रामसभेत मुलांनाच दहा मिनिटं बोलू द्या, एका तक्त्यासह. दोन तक्ते नेले की कुणी बघत नाही.

कायद्याविषयी बोलताना मात्र जपून. ‘आपलं तळं पाणथळ कायद्यानं संरक्षित आहे’ असं चौकशी न करता जाहीर करू नका. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. गावाला चुकीचं सांगितलं आणि ते उघडं पडलं की पुढचं खरंही कुणी मानत नाही.

१०. आमचं वर्ष

सप्टेंबर अखेर, पाऊस ओसरल्यावर, गावतळं. नोव्हेंबरमध्ये ५ ते १२ तारखेच्या पक्षी सप्ताहात नांदूर मध्यमेश्वर; मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. २ फेब्रुवारीला, पाणथळ दिनी, पुन्हा गावतळं, या वेळी गावासह. आणि एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेत चौथी फेरी. ती टाळायचा मोह होतो, कारण ऊन असतं, परीक्षा असते, पाणी आटलेलं असतं. तीच फेरी चुकवू नका. ज्या दगडावर बसून सप्टेंबरात तबकडी सोडली, तिथून पाणी वीस पावलं मागे गेलेलं असतं. मधल्या भेगाळलेल्या चिखलात शिंपले, बगळ्यांची पावलं, जनावरांच्या खुरांचे खड्डे, आणि खुराच्या एखाद्या खड्ड्यात उरलेल्या ओंजळभर पाण्यात बेडूकमासे. मुलं ती वीस पावलं पट्टीनं मोजतात आणि वहीत लिहितात.

वही मात्र एकच ठेवा, जाड पुठ्ठ्याची, पेन्सिलीनं लिहायची, म्हणजे भिजली तरी अक्षरं फुटत नाहीत. जूनमध्ये नवी सहावी आली की गेल्या वर्षीची मुलं तीच वही घेऊन त्यांच्या वर्गात जातात आणि कुठल्या दगडावरून मोजायचं ते दाखवायला त्यांना तळ्यावर नेतात.